सोडलेला डाव

धुळ्याहून निघालेल्या एसटीत शेजारच्या सीटवरचे नाना मोबाइलवर ओमाहा हाय-लो हा पोकरचा खेळ खेळत होते. त्यात अर्धा गल्ला मोठ्या पत्त्यांना जातो, अर्धा लहान पत्त्यांना. नानांना एक दुर्री हवी होती; ती आली तरी अर्धाच गल्ला मिळणार. अंगठा काचेवर अडखळत होता, पाय सारखा हलत होता. मीही त्यांच्या मोबाइलवर वाकलो. पारोळ्याचा स्टँड आला, तसे त्यांनी डाव सोडून पत्ते टाकले आणि पिशवी उचलली. पण नजर मोबाइलवरून हटेना.

“नाना, उतरायचं ना?”

“भाऊ, डाव सोडनं सोपं शे. पुढला पत्ता न दखनं अवघड शे.”

दुर्रीच आली. त्यांनी कपाळावर हात मारला, तोवर गाडी सुटली होती.

पारोळ्याला मलाही उतरायचं होतं.