आधीच झाडून झालेली शाळा

चावीमावशींचे संपूर्ण नाव शाळेच्या दप्तरी रीतसर नोंदलेले आहे. परंतु त्या नावाने त्यांना हयातीत कोणी हाक मारल्याचे ऐकिवात नाही, आणि आता मारण्यात अर्थ नाही. जन्म एकोणीसशे पंचावन्न, मृत्यू दोन हजार अठरा. व्यवसाय : सरकारी प्राथमिक शाळेत मदतनीस. कमरेला लटकणाऱ्या किल्ल्यांच्या जुडग्यावरून मुलांच्या कुठल्याशा तुकडीने हे नाव पाडले आणि पुढच्या तुकड्यांनी ते इमानाने चालवले. मुख्याध्यापिकेपासून बालवर्गातल्या पोरापर्यंत सगळ्यांच्या त्या मावशीच होत्या.

शाळेचे फाटक त्या उघडत तेव्हा रस्त्यावर दूधवाल्याखेरीज कोणी नसे. प्रथम पाण्याची टाकी भरायला लावायची, मग मुलामुलींची स्वच्छतागृहे, मग वर्ग. वर्ग झाडण्याची त्यांची दिशा ठरलेली होती : मागच्या बाकापासून फळ्याकडे. फळा ओल्या फडक्याने पुसायचा तो झाडण्याच्याही आधी, कारण ओल्या फळ्यावर खडू उमटत नाही आणि शिक्षकांचा पहिला तास चिडचिडीत जातो. पहिली घंटा त्याच देत, आणि त्या घंटेपर्यंत कामाचा मोठा भाग उरकलेला असे. मग त्या दाराजवळच्या स्टुलावर बसत. दिवसभर सांडलवंड, ओकारी, फुटलेले गुडघे चालूच असत. शेवटच्या घंटेनंतर पुन्हा खिडक्या, नळ, कुलपे. पालकांना आणि पाहुण्यांना मात्र दिसत असे ते स्टूल.

संध्याकाळी त्या एका लाँड्रीत जात. इस्पितळांच्या चादरी तेथे मोठ्या हौदांत उकळून धुतल्या जात. हौदांभोवती उभ्या असणाऱ्या बायकांपैकी निम्म्या दिवसा कुठल्या ना कुठल्या शाळेत झाडू मारणाऱ्या होत्या, कारण शाळेच्या पगारात महिना सरत नसे. वाफेने मावशींची छाती धरली होती. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले होते की, वाफ सुटली तर छाती सुधारेल, नाहीतर नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी कपड्यांच्या दुकानात शिवणकाम करी. तिची जीभ तिच्या सुईइतकीच धारदार होती.

"आई, सकाळी झाडतेस, संध्याकाळी धुतेस, घरी येऊन खोकतेस. यातलं एक तरी सोड."

"खोकणं सोडते."

"थट्टेवारी नेऊ नकोस."

"थट्टा कुठली? बाकीची दोन सोडली तर चूल पेटायची कशानं?"

अशात सरकारी शाळांतील शिक्षक आणि मदतनीस यांच्या किमान वेतनाचा कायदा झाला. मधल्या सुटीत गणिताच्या सरांनी शिक्षकांच्या खोलीत तो सर्वांना समजावून दिला. सर संघटनेत होते, आणि कायदा समजावताना त्यांना वर्गात असल्याचाच भास होई.

"शिकवणाऱ्याला आता ठरलेल्या रकमेच्या खाली पगार देता येणार नाही. सरळ हिशेब."

"आणि झाडणाऱ्याला?" चहाचे पेले गोळा करीत असलेल्या मावशींनी विचारले.

"झाडणाऱ्याचे दोन भाग केलेत."

"माझे?"

"तुमचे नाही हो, पदाचे. पूर्णवेळ आणि अर्धवेळ. पूर्णवेळ ठरलात तर पूर्ण किमान वेतन. अर्धवेळ ठरलात तर आहे त्यावर थोडं मीठ."

कोण कशात बसते ते पाहणी अधिकारी ठरवणार होते. प्रत्येक शाळेत ते एक दिवस, पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत, स्वतः बसून काम पाहणार होते. मावशींच्या डोक्यात गोष्ट स्वच्छ बसली : पद पूर्णवेळ ठरले की लाँड्री सुटली. त्या संध्याकाळी त्यांनी लाँड्रीच्या मुकादमाला सांगूनही टाकले, "दुसरी बाई बघून ठेवा. माझा काही भरवसा नाही."

पाहणीची तारीख कळताच मुख्याध्यापिकांनी, ज्यांना सारी शाळा मोठ्या बाई म्हणे, जे केले ते कोणत्याही शाळेने केले असते. शाळेत साहेब येणार म्हटले की शाळा आरशासारखी लख्ख करायची, ही रीत त्यांच्या हाडीमासी खिळली होती. तपासणी असो, बक्षीस समारंभ असो की लसीकरण, त्यांना सर्व साहेब सारखेच. त्यांनी वर्गावर्गांत फिरून बजावले, "उद्या कोणी काही सांडणार नाही. कोणी ओकणार नाही. कागदाचा कपटा दिसला तर उचलून खिशात घालायचा."

मावशींनाही वेगळे सुचले नाही. उलट त्यांना वाटले, आपल्या कामाची परीक्षा आहे, तर पेपर उत्तम जायला हवा. आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी भिंतींवरचे बोटांचे डाग घासून काढले, प्रत्येक वर्गात खडू भरून ठेवले, पृथ्वीच्या गोलावरची धूळ पुसली. त्या दिवशी लाँड्रीत खाडा झाला. दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षाही लवकर येऊन त्यांनी उरलेसुरले उरकले. पाहणी अधिकारी फाटकात आला तेव्हा व्हरांड्याची फरशी वाळलेली होती आणि मावशी धुतलेल्या कपड्यांत, जुडगा चकाकवून, स्टुलावर बसल्या होत्या.

अधिकारी सरळ मार्गाचा माणूस होता. त्याने चहा नाकारला, समोर खुर्ची टाकली आणि तो पाहू लागला. मुले रांगेने पाणी प्यायली, एक थेंब खाली पडला नाही. कोणाचा गुडघा फुटला नाही. मावशी दोनदा उगाच उठून नळ तपासून आल्या.

"बसा हो," अधिकारी म्हणाला. "माझ्यासाठी उठबस करू नका."

मधल्या सुटीत गणिताच्या सरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ते मावशींजवळ येऊन, दुसरीकडे पाहत पुटपुटले, "मावशी, घोळ झालाय. तुम्ही बसलेल्या दिसताय. काहीतरी सांडा."

"सांडू? माझ्या हातानं?"

"मग मी सांडतो."

सरांनी खडूंचे खोके व्हरांड्यात पाडले. खडू घरंगळले न घरंगळले तोच चारी बाजूंनी मुले धावली आणि एक-एक तुकडा उचलून त्यांनी खिशांत कोंबला. पांढऱ्या झालेल्या खिशांनिशी ती मोठ्या बाईंकडे शाबासकीच्या आशेने पाहू लागली. मोठ्या बाई तेव्हा हसल्या. संध्याकाळी अधिकाऱ्याने जाताना हात जोडून सांगितले की, इतकी स्वच्छ शाळा आपण पाहिलेली नाही. त्यानंतर त्या हसल्या नाहीत.

निकाल अर्धवेळ लागला. मावशींनी मुकादमाला सांगितले, "दुसरी बाई बघायची गरज नाही." त्यानेही जास्त विचारले नाही, अशा बायका त्याने त्या महिन्यात बऱ्याच परत येताना पाहिल्या होत्या.

मोठ्या बाईंच्या मनाला ते लागून राहिले. त्यांनी वरपर्यंत खेटे घालून फेरपाहणी मंजूर करून घेतली आणि या वेळी मावशींना समोर बसवून ताकीद दिली.

"आदल्या दिवशी काही करायचं नाही. सकाळी पहिली घंटा होईपर्यंत झाडूला हात लावायचा नाही. साहेब बसले की मग सुरुवात."

"आणि पोरं? ती तर घंटेआधीच येतात."

"थोडा वेळ कळ काढतील. तुमच्या छातीचा प्रश्न आहे, मावशी. ऐका माझं."

त्या दिवशी सकाळी मुलीने आईला घरातच धरून ठेवले. मावशी सवयीने पहाटेच जाग्या झाल्या होत्या आणि चपला घालून काढीत होत्या. "आज तू लवकर गेलीस तर माझ्याशी गाठ आहे," मुलगी म्हणाली. मावशी घंटेच्या बेताने शाळेत पोहोचल्या. फाटक मोठ्या बाईंनी उघडले होते. आदल्या दिवशीची धूळ वर्गांत तशीच होती, आणि स्वच्छतागृहांचा वास व्हरांड्यापर्यंत आला होता. मावशींनी घंटा दिली आणि त्या स्टुलावर न बसता फाटकाकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

अधिकारी आला नाही. त्याला वाटेत दुसऱ्या एका शाळेत थांबावे लागले, असा फोन आला. निघतोच आहे, असेही त्यात होते. गणिताचे सर फाटकावर जाऊन उभे राहिले.

बालवर्गातली एक मुलगी स्वच्छतागृहाच्या दारापर्यंत गेली आणि नाक धरून परत आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. शेवटी ती मावशींसमोर पाय आवळून उभी राहिली.

"मावशी, आत घाण आहे."

"हो ग, बाळ. करते."

"कधी?"

मावशींनी सरांकडे पाहिले.

"आलेच असतील हो," सर म्हणाले. "थोडं थांबा. इतकं थांबलात तसं थोडं."

"मी थांबते. तिला थांबायला सांगता?"

सर पुन्हा रस्त्याकडे पाहू लागले. तोपर्यंत मुलीचे मोजे ओले झाले होते, आणि ती रडत नव्हती, नुसती खाली पाहत होती. मावशींनी तिला उचलून नळाखाली धुतले, कपाटातली जुनी चड्डी घातली, बादली भरली आणि त्या स्वच्छतागृहात शिरल्या. एकदा झाडू हातात आल्यावर त्यांना अर्ध्यावर थांबता येत नसे. मोठ्या बाई दारात आल्या आणि दुसरी बादली भरायला लागल्या.

अधिकारी पोहोचला तेव्हा फरशी वाळत आली होती.

"काम झालेलं दिसतंय," तो म्हणाला.

"साहेब, झालंय म्हणजे कोणीतरी केलंय," गणिताचे सर म्हणाले.

"मान्य आहे. पण मी पाहतो तेवढंच लिहितो. ऐकलेलं लिहायला लागलो तर उद्या प्रत्येक शाळा मला ऐकवेल." आवाजात उर्मटपणा नव्हता, थोडी खंतच होती. तो शेवटच्या घंटेपर्यंत बसला. मावशींनी त्या दिवसात जेवढे उरले होते तेवढे केले. निकाल बदलला नाही.

त्या संध्याकाळी मुलगी लाँड्रीच्या वाटेवर त्यांना गाठायला आली.

"तुला तेवढा वेळ गप्प बसता आलं नाही?"

"मला आलं असतं."

"मग?"

"तिला येत नव्हतं."

मुलगी त्यांच्याबरोबर चालू लागली. लाँड्रीच्या दाराशी आल्यावर म्हणाली, "परक्याच्या पोरीचे मोजे तुला दिसतात. माझी आई मला दिसते, त्याचं काय करू?" मावशींनी तिच्या खांद्यावर अडकलेला दोऱ्याचा तुकडा काढून टाकला आणि त्या आत गेल्या. 

निवृत्त होईपर्यंत त्या दोन्ही कामे करीत राहिल्या, आणि निवृत्तीनंतर फार जगल्या नाहीत. शेवटच्या आजारात मोठ्या बाई रोज येऊन उशाशी बसत. एकदा त्या म्हणाल्या, "पहिल्या वेळी मीच शाळा घासून घेतली नसती तर." मावशींनी धाप आवरून उत्तर दिले, "घासली मी. तुम्ही नुसत्या ओरडत होता."

मागाहून जे ठरले ते असे. अनेक शाळांतील मदतनिसांना घेऊन गणिताचे सर वेतन समितीपुढे गेले, आणि मावशींच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी नियम बदलला. ज्याच्याकडे शाळेच्या किल्ल्या, त्याचे काम कुलूप उघडल्यापासून कुलूप लागेपर्यंत धरावे आणि त्याला पूर्ण किमान वेतन द्यावे, असा आदेश निघाला. तो आदेशाच्या दिवशी सेवेत असलेल्यांनाच लागू आहे. आईच्या मागील वेतनफरकासाठी मुलीने तरीही अर्ज केला. मोठ्या बाईंनी त्यास आपली साक्ष जोडली. तो अर्ज अद्याप निकालात निघालेला नाही. मुलगी वर्षातून एकदा चौकशीला जाते, आणि अजून विचार चालू आहे असे ऐकून येते.

आदेश निघाल्यावर लाँड्रीला मात्र संध्याकाळच्या पाळीसाठी बायका मिळेनाशा झाल्या. मुकादमाने काही दिवस दारावर पाटी लावून पाहिली. मग त्याने पाळीच बंद केली, आणि इस्पितळांच्या चादरी आता दिवसाउजेडी धुतल्या जातात.