आत्याने धरलेली जागा

गोंदियाच्या जुन्या मोटार स्टँडबद्दल लोक अलीकडे फार हळवे होऊन बोलतात. मी तिथे पुष्कळ वेळ बसलेलो आहे, म्हणून सांगतो: हळवे होण्यासारखे तिथे एक कडुनिंबाचे झाड होते, आणि त्याच्या सावलीत मोटारमालकाचा माणूस खाट टाकून झोपलेला असे. बाकी एक पत्र्याची शेड, वेळांचा एक फळा आणि भोवती दुकानांची ओळ. फळ्यावरची वेळ ही गाडी सुटण्याची नसून प्रवाशांनी जमायला सुरुवात करण्याची वेळ आहे, हे कळायला मला दोन-तीन प्रवास लागले.

स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षे झाली होती. आमचा भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात आणि जिल्हा मध्य प्रदेशात होता. देवरीच्या रस्त्यावर खासगी मोटारी धावत. धावत हा शब्द मी सवयीने लिहिला. गाडी भरल्याशिवाय सुटत नसे, आणि ती भरली असे फक्त ड्रायव्हरला कळे. समोरचा हॉटेलवाला त्याला चहा आणि आलूबोंडे फुकट देई. त्यामुळे कढईतला घाणा संपेपर्यंत गाडी भरत नसे. शेजारी घड्याळवाला होता. त्याच्या भिंतीवरची घड्याळे निरनिराळ्या वेळा दाखवीत. ज्याला जी वेळ सोयीची, ती पाहून तो भांडे. मग न्हावी, पानठेला, कापडाचे दुकान. मोटार एक महिना वेळेवर सुटली असती, तर त्या सगळ्या ओळीला कुलूप लागले असते.

तिकीट काढले म्हणून जागा मिळत नसे. जागा धरावी लागे. खिडकीतून दुपट्टा टाकला की ती जागा तुमची. दुपट्टा नसेल तर छत्री, छत्री नसेल तर तांदळाची पिशवी. पण वस्तू उचलून बाजूला ठेवता येते, म्हणून जाणते लोक घरातले म्हातारे माणूस आत बसवून ठेवीत आणि आपण बाजाराला जात. यावर दुसऱ्या पक्षाने उपाय काढला होता. उभे राहिलेल्यांपैकी कोणीतरी बाहेरून मोठ्याने ओरडे, “गाडी बदली! गाडी बदली!” बसलेले घाईने उतरत, ओरडणारे चढून बसत. एकदा फसलेला माणूस पुन्हा त्या हाकेला उठत नसे. आमची आत्या एकदा फसलेली होती.

त्या दिवशी आम्ही तिघे निघालो होतो: आत्या, काका आणि मी. काम माझे होते. चिचगडची एक मुलगी मी नात्यातल्या एका लग्नात पाहिली होती आणि मनातून माझे ठरले होते. पण माझ्या ठरण्याला घरात किंमत नव्हती. वडील गेल्यापासून घरात आत्याचा शब्द चाले. ती मुलगी पाहून हो म्हणेल, तेव्हा ठरायचे. मुलीचे वडील दुपारच्या गाडीला देवरीत बैलगाडी घेऊन उभे राहणार होते. त्या गाडीतून कोणी उतरले नाही, तर त्याचा अर्थ आमच्याकडे एकच होतो: मुलगी नाकारली. त्यानंतर समजूत घालायला गेले तर दारातूनच परत पाठवतात.

काकांनी स्टँडवर पोचताच आत्याला देवरीच्या मोटारीत बसवले. तिने आजूबाजूला दोन दुपट्टे अंथरले. काका म्हणाले, “बाई, आता काही झालं तरी उतरजो नोको.”

“मले शिकवतं का?” आत्या म्हणाली.

काका दाढी करायला बसले. मी कापडवाल्याकडे मुलीसाठी खण पाहू लागलो. कापडवाला “सस्ता नहीं, अच्छा देखो साहब” म्हणत चौथा गठ्ठा सोडत होता, तेवढ्यात मागे इंजिनाचा आवाज झाला. मी वळलो तर आमची मोटार रस्त्याला लागली होती, आणि तिच्या मागच्या खिडकीत आत्याचा पदर होता.

काका अर्ध्या गालाला साबण आणि गळ्यात न्हाव्याचे फडके तसेच घेऊन धावले. रेल्वे फाटकापर्यंत गेले आणि परत आले. न्हावी त्यांच्या मागे फडक्यासाठी धावला होता.

काय झाले ते पानठेलेवाल्याने सांगितले. त्याने सगळे पाहिले होते आणि मजा वाटल्यामुळे कोणाला हाक मारली नव्हती. देवरीला दुसरी मोटार लागणार आणि ही सालेकश्याला जाणार, असे अचानक ठरले. कंडक्टरने ओरडून सांगितले. बाकीचे उतरले. आत्या बसून राहिली.

“कंडक्टर बोला, माताजी, ये गाड़ी सालेकसा जा रही है,” पानठेलेवाला म्हणाला. “तो वो बोली, जाऊ दे ना बाप्पा, मी देवरीले जाऊन राहिली.”

कंडक्टरने तिला हात लावायचे धाडस केले नाही. तिचे तिकीट देवरीचे होते, पण सालेकश्याच्या गाडीत माणसे कमी होती. रेल्वे असताना सालेकश्याला मोटारीने जाणारा माणूस एक तर गाडी चुकलेला असे, नाहीतर आमची आत्या.

आता भोवती सल्लागार जमले. हॉटेलवाला म्हणाला, चहा घ्या, डोकं चालेल. घड्याळवाला म्हणाला, अजून भरपूर वेळ आहे, आणि त्याच्या एका घड्याळाप्रमाणे तो होताही. सल्ल्याला कोणी पैसे मागितले नाहीत, पण प्रत्येकाच्या दुकानातून काहीतरी घेतल्याशिवाय तो पुरा होत नव्हता. तेवढ्यात देवरीची खरी मोटार लागली. आत जागाच जागा होती.

“तू जाय,” काका म्हणाले. “त्याहीले सांग का आम्ही नाकारलं नाही. मी रेल्वेनं बाईच्या मागं जातो.”

“पण पाहायला एकट्या नवरदेवानं जायचं?”

“पाहू नोको ना. सांग अन् वापस ये.”

काका उरलेली दाढी तशीच ठेवून स्टेशनकडे गेले. मी देवरीला उतरलो, तेव्हा मुलीचे वडील बैलगाडीजवळ उभे होते. त्यांनी माझ्या मागे पाहिले, मग मोटारीत वाकून पाहिले.

“बाकीचे कुठं हायत?”

बैलाची तब्येत, अपशकुन, पोटदुखी, अशी पाच-सहा कारणे मी वाटेत तयार केली होती. ऐनवेळी एकही तोंडातून निघाले नाही. जे झाले ते सांगितले.

“उतरलीच नाही?”

“नाही.”

“कंडक्टरनं सांगूनही?”

“सांगूनही.”

“बरं केलं बाईनं,” ते म्हणाले. “मागच्या महिन्यात मी उतरलो होतो. गोंदियापासून इथपावतर उभा आलो.” मग बैलाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, “पण तुमच्या घरात माह्या पोरीले बसायले जागा भेटंल ना बाप्पा?”

मी भेटेल म्हणालो. एकटा मुलगा घरी नेणे बरे दिसणार नाही, म्हणून त्यांनी मला परतीच्या गाडीत बसवले आणि आठवड्याने आपणच आमच्या गावी येऊन बोलतो, असे सांगितले. मी फार आनंदाने परतलो. तो आनंद घराच्या अंगणापर्यंत टिकला.

अंगणात आत्या बसली होती. ती सालेकश्यालाही उतरली नव्हती. उतरली असती तर परतीची जागा गेली असती. त्याच गाडीने, त्याच जागेवरून ती परत आली होती. काका तिला शोधत अजून सालेकश्यात फिरत होते.

“त्या लोकाईच्या घरी सोयरीक करायची नाही,” आत्या मला पाहताच म्हणाली. “मी देवरीले जाऊन आली. कुत्रंही घ्यायले आलं नाही.”

“आत्या, तू सालेकश्याला गेली होतीस.”

“देवरीले.”

“तिथं रेल्वेची लाइन दिसली का?”

“दिसली. मोठी लाइन हाय देवरीची.”

“देवरीला रेल्वे नाही, आत्या.”

“तुले काय माहीत? तू कधी गेला?”

“आत्ताच येऊन राहिलो.”

“मंग मले काऊन नाही दिसला?”

दुसऱ्या दिवशी काका आले, तेव्हा त्यांनीही समजावून पाहिले. पण ती सालेकश्याला गेली हे मान्य करायचे, तर कंडक्टर खरे बोलत होता हे मान्य करावे लागले असते. त्यापेक्षा देवरीत रेल्वे आणणे तिला सोपे गेले. आठवडाभर घरात तोच विषय होता आणि रोज आत्याच जिंकत होती. माझ्या लग्नाच्या आड आता कोणी परका माणूस नव्हता.

ठरल्या दिवशी मुलीचे वडील आले. मी त्यांना गावाच्या बाहेर, तळ्याच्या पाळीवरच गाठले आणि सगळे सांगितले. ते रागावतील असे वाटले, कारण त्या दिवशी उन्हात उभा राहिलेला माणूस तोच होता. पण ते घरी आले, पाय धुतले आणि थेट आत्यासमोर हात जोडले.

“बाई, चुकलं. त्या दिवशी मले देवरीले पोचायले उशीर झाला.”

आत्याने त्यांना थोडा वेळ तसेच उभे ठेवले.

“बैल कमजोर असतीन,” ती म्हणाली.

ते तालुक्यात बैलांसाठी नावाजलेले शेतकरी होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायचे टाळले.

“हो बाई,” ते म्हणाले. “कमजोरच हायत.”

“बसा मंग,” आत्या म्हणाली, आणि चटईवर थोडी सरकली.

मुलगी न पाहताच तिने होकार दिला. पुढे लग्न झाले, संसार झाला. आमच्या घरात आजही त्या प्रवासाचे दोन इतिहास आहेत, आणि बायको आपल्या वडिलांनी मान्य केलेलाच खरा धरते. मी आकडेमोडीचा माणूस आहे. खोटी नोंद मला सहन होत नाही. पण ही एक मी कधी दुरुस्त करायला गेलो नाही.

आत्याने होकार दिला त्या दिवशी जेवण झाल्यावर सासरे हात धुवायला आले, तेव्हा त्यांच्या हातावर पाणी घालत मी हळूच म्हणालो, “तुम्ही फार मोठं मन केलं.”

“मन कायचं, जवाईबापू,” ते म्हणाले. “घरी जाऊन त्या बैलाईले आता कोणत्या तोंडानं पाहू, ते सांगा.”