शिडामागून पाहिलेला सैनिक

सुक्या बोंबलांचा वास आला की मला अजून तो सैनिक आठवतो. अर्नाळ्याला तेव्हा जत्रेत सिनेमा दाखवत आणि पडदा म्हणून होडीचं जुनं शीड दोन बांबूंना ताणून बांधत. त्याला बोंबलांचा वास यायचाच. पुढची वाळू पुरुष अडवायचे, म्हणून आम्ही बायका शिडाच्या मागे बसायचो. तिथूनही चित्र स्वच्छ दिसायचं. त्या वर्षीचा सिनेमा लढाईतला, पण हसून पोट दुखावं असा. नर्सवर जीव जडलेला सैनिक हात मोडल्याचं सोंग करतो, धड हात गळ्यात अडकवतो आणि पलटण पुढे गेली तरी खाटेवरच राहतो. दुसऱ्या दिवशी मला बघायला पाहुणे आले. मुलगा सिनेमा आठवून हसत म्हणाला, "काय तो उजवा हात बांधून बसलेला." मी कपबश्या खाली ठेवल्या आणि म्हटलं, "डावा." "मी पुढंच बसलेलो. उजवा." "मीपन झोपले नव्हते. डावा." पाहुणे लगेच उठले. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "आता कोन करील हिला?" संध्याकाळी तोच सिनेमा पुन्हा लागला, तेव्हा तो मुलगा सरळ शिडामागे येऊन बायकांत बसला. सगळ्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. सैनिक आला. मुलगा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे वळून म्हणाला, "इथून डावाच हाय." लग्न ठरलं. पुढच्या जत्रेत नवरा म्हणाला, "चल, एकदा पुढं बसून बघ." मला गरज वाटली नाही. आजही वाटत नाही.