नणंदेच्या धानाची यादी

नणंदेच्या धानाची यादी मी माझ्याच हाताने पुसली, आणि वर तिला फोन करून "बाई, काम फत्ते!" असंही कळवलं. आठेक वर्षं झाली असतील. मी शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते. गणिताची बाई म्हणून जन्मभर दुसऱ्यांच्या चुका लाल केलेल्या, त्यामुळे आपण चुकूच शकत नाही अशी पक्की समजूत. त्यात प्रोग्रामिंग शिकले! नात विचारते, "आजी, तू इतकी बावळट होतीस?" इतकी नाही गं, जास्त.

दोन फाइली ताडून फरक दाखवणारे प्रोग्राम असतात. त्यांच्यात मला एक खोट दिसली. एखादी ओळ वरून खाली नेली, की ते म्हणतात, इथली ओळ गेली आणि तिथे नवीन आली. अरे, गेली कुठे? खाली जाऊन बसली आहे! चंद्रपूरच्या उन्हाळ्यात कूलरसमोर बसून मी महिनाभर डोकं लावलं आणि उपाय काढला: दोन्ही फाइलींतल्या ओळी आधी अक्षरक्रमाने लावायच्या, मग ताडायच्या. कटकट बंद! त्या आनंदात मी स्वतःसाठी शिरा केला.

नणंद कुरखेड्याकडे धान लावते. एका बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, तिने बावीस जुनी वाणं जपली आहेत, प्रत्येकाची एकेक ओळ. काठीला चिठ्ठी लावली तर पावसात गळून जाते, म्हणून धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, मोहाच्या झाडापासून मोजत जायचं. कोणती ओळ कशाची, हे फक्त यादीच्या क्रमावरून कळतं. आणि पाणी कुठे साचतं ते पाहून ती हा क्रम दर वर्षी बदलते. रोवणा, म्हणजे रोपांची लावणी, झाला की ती फोनवर सांगते, मी टाइप करते. त्या वर्षीची यादी मी जुन्या यादीशी ताडली. प्रोग्राम म्हणाला, फरक नाही. मग दोन कशाला ठेवायच्या? जुन्या फाइलीला मी सुंदर नाव दिलं होतं, म्हणून नवी पुसली.

कापणीला प्रिंट घेऊन ऐटीत गेले. मोहापाशी उभी राहून वाचलं, "पहिली, चिन्नोर."

नणंदेने वाकून लोंबी हातात धरली. "हे चिन्नोर होय, वयनी? हे त लुचई हाय!"

"मग दुसरी तरी दुबराज?"

"नाई. तुमी यादी वाचून राह्यल्या का पोथी?"

वीस वाणं तिने पाहून, हुंगून ओळखली. अडलं दोन ओळींपाशी. एक चिन्नोर, आणि एक 'मायचं धान', म्हणजे तिच्या आईचं, माझ्या सासूबाईंचं. आसपास दुसऱ्या कुणाकडे ते उरलेलं नाही. दाणा सारखा, रंग सारखा. नावांची अदलाबदल झाली असती, तर पुढे कुणीतरी ते चिन्नोर समजून शिजवून संपवलं असतं. नणंद हसायची थांबली. मीही.

तिने दोन्ही पेंढ्या वेगळ्या बांधल्या. चार दिवस वाळू दिल्या. मीही मुक्काम ठोकला. मग पसा-पसाभर धान कांडून अंगणातल्या चुलीवर दोन गंज चढवले. मी डोळे मिटून चाखलं. गणिताच्या बाईला दोन्हीकडे नुसता भात लागला. तिने दुसऱ्या गंजातला घास तोंडात घोळवला, पुन्हा एक घेतला, आणि उठून एका पेंढीवर हात ठेवला. "हे मायचं."

घरी येऊन मी तो अक्षरक्रम उपटून टाकला. आता माझा प्रोग्राम हललेली ओळ पिवळी करतो आणि शेजारी लिहितो: तिसरी होती, अकरावी झाली. हे दाखवायला लॅपटॉप घेऊन पुन्हा कुरखेडा गाठलं. नणंदेने पडद्यावरच्या ओळी बोटाने मोजल्या, पिवळीपाशी थांबली आणि म्हणाली, "वयनी, तुमच्या मशीनले समजलं. पन तुमाले त दोन गंजातला भात एकच लागला. औंदा रोवन्याले या, चिखलात उतरा, मायच्या धानाची ओळ तुमच्या हातानं लावा, मंग लिव्हा."