ओली भिंत

या सदरातले अनुभव मी नियमित वाचते, आणि खरं सांगायचं तर वाचता वाचता मनातल्या मनात निदान करत असते. शुगर कमी झाली असेल, झोप झाली नसेल, बंद खोलीत शेगडी असेल… मी भूलतज्ज्ञ डॉक्टर. आता निवृत्त आहे. मूळची नागपूरची. आमच्या घरात देव्हारासुद्धा नव्हता, त्यामुळे भुताखेतांचा प्रश्नच नव्हता. आजही मी भुतं मानत नाही. पण १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये युटा राज्याच्या डोंगरात जे झालं, त्याचं निदान मला अजून करता आलेलं नाही. अशोकची परवानगी घेऊन लिहितेय. अशोक म्हणजे माझा नवरा.

तेव्हा आम्ही ह्यूस्टनला होतो. अशोक पेट्रोलियम इंजिनिअर. त्या वर्षी तेलाचे भाव कोसळले होते, आणि दर शुक्रवारी त्याच्या ऑफिसमधलं कोणीतरी खोक्यात सामान भरून घरी जायचं. त्याची नोकरी टिकली होती, पण स्वभाव टिकला नव्हता. त्याला पुण्याला परत जायचं होतं. मी मात्र नव्यानं परीक्षा देऊन, रेसिडेन्सी करून नुकतीच हॉस्पिटलमध्ये लागले होते. मला जायचं नव्हतं. रोज जेवताना तोच विषय, रोज तेच भांडण. शेवटी शेवटी आम्ही वेगवेगळ्या वेळी जेवायला लागलो.

कॉलेजात असल्यापासून अशोकला पेरूला जाऊन इंका लोकांचं डोंगरावरचं शहर बघायचं होतं. तिकडची परिस्थिती तेव्हा ठीक नव्हती. ऑफिसमधल्या एकानं सुचवलं, "एवढ्या लांब कशाला? युटात आठशे वर्षांपूर्वीची घरं आहेत, कड्याच्या पोटात बांधलेली. गाइड घेऊन जातो. तीन दिवस, दोन रात्री, तंबूत मुक्काम." म्हटलं चला, हवापालट होईल. हवापालटानं संसार सुधारतो असं तेव्हा वाटायचं.

गाइडचं नाव रॉय. पन्नाशीचा, काटक, मोजकंच बोलणारा. आम्हाला बघून पहिलं वाक्य — "तुम्हा दोघांना एवढं चढणं झेपेल?" आमच्याबरोबर आणखी एकच बाई होती, एडिथ. ओहायोची निवृत्त शिक्षिका, पासष्टची असेल. ती आमच्या पुढे चालायची.

पहिल्या दिवशी चार-पाच तासांची चढण होती. दगड, बुटकी काटेरी झाडं, वर गेल्यावर पाइन. पाणी प्रत्येकानं आपापलं वाहायचं. मुक्कामाला पोचल्यावर रॉयनं नियम सांगितले. उद्या वर त्या घरांच्या भिंतींना टेकायचं नाही. काही उचलायचं नाही. खोल्यांच्या आत जायचं नाही. अशोकनं विचारलं, "पडायला आल्यात का?"

"नाही. चांगल्या भक्कम आहेत," रॉय म्हणाला. मग तंबूच्या खुंट्या ठोकायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला रॉयनं पॅनकेक केले. अशोकची एक सवय — कुठेही असला तरी दाढी केल्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नाही. त्यानं स्टीलच्या मगमध्ये गरम पाणी घेतलं आणि झाडाला आरसा टांगून तुळतुळीत दाढी केली. एडिथनं त्याला चिडवलं, "वर कोणी भेटणारे वाटतं." हे मी मुद्दाम लिहितेय. ती दाढी आम्ही तिघांनीही पाहिली होती.

साडेदहाला आम्ही पोचलो. कड्याचा एक मोठा ओठ पुढे आलेला, आणि त्याच्या सावलीत ओळीनं सहा खोल्या. दगड आणि माती. त्या मातीवर लिंपणाऱ्या बोटांचे ठसे अजून दिसत होते. जमिनीवर बोटभर लांबीची वाळकी कणसं पडलेली. छत काजळीनं काळं. मला भीती वाटली नाही, पण आपण कोणाच्या तरी घरात शिरलोय, आत भांडण चालू होतं आणि आपल्याला बघून सगळे एकदम गप्प झालेत… तसं काहीतरी वाटलं. इथे आपण नको आहोत, एवढं स्पष्ट कळत होतं.

कड्याच्या वळणापलीकडे झरा होता. रॉय आणि एडिथ बाटल्या घेऊन तिकडे गेले. "वीस मिनिटांत येतो," रॉय म्हणाला. "खोल्यांत जाऊ नका."

ते दिसेनासे होतात न होतात तोच आमचं सुरू झालं. सुरुवात कशावरून झाली आठवत नाही. शेवट आठवतो. अशोक म्हणाला, "तुला तुझी नोकरी लखलाभ. मला पाच मिनिटं तुझा आवाज ऐकायचा नाहीये."

"मग जा ना कुठेतरी."

तो गेला. शेवटच्या खोलीचं दार म्हणजे गुडघ्याएवढ्या उंचीवरची चौकोनी फट होती. त्यातून तो आडवा होऊन, खांदे मुडपून आत गेला. मी त्याच्याकडे पाठ करून दहा-बारा पावलांवर एका दगडावर बसले. घड्याळ बघितलं, कारण रॉय यायच्या आत त्याला बाहेर काढायला हवं होतं. अकरा वाजले होते. पिशवीतून संत्रं काढलं आणि सोलायला लागले. आणि आता प्रामाणिकपणे लिहितेच आहे तर हेही लिहिते — त्या वेळी मनात आलं, राहा तिथेच.

संत्रं संपलं. घड्याळ बघितलं. अकरा दहा. मी मागे वळले तर दार नव्हतं.

आधी वाटलं, आपण भलत्याच खोलीकडे बघतोय. ओळीतल्या खोल्या मोजल्या. सहा. सहाव्या खोलीपाशी अशोकची सॅक टेकून ठेवलेली होती. तिच्या वर, जिथे दार होतं, तिथे दगड रचलेले आणि मातीनं लिंपलेले. दोन दगडांच्या मधून निळं काहीतरी बाहेर आलेलं दिसलं. जवळ गेले. अशोकच्या टोपीचा पुढचा भाग होता तो. उरलेली टोपी भिंतीत.

मी मातीला हात लावला. ओली होती. गार आणि ओली, तळव्याला चिकटत होती. त्या डोंगरात झऱ्याशिवाय पाण्याचा थेंब नव्हता.

मी हाका मारल्या. उत्तर नाही. मग आतून दगडावर दगड आपटल्यासारखा बारीक आवाज आला. टक… टक. मी नखांनी माती काढायला लागले.

तेवढ्यात रॉय आला आणि त्यानं मला दंडाला धरून मागे ओढलं. "काय चाललंय? भिंतीपासून लांब हो!"

"अशोक आत आहे. दार बंद झालंय."

"कसलं दार? ही खोली बंदच आहे. पंधरा वर्षं येतोय मी इथे. हिला कधीच दार नव्हतं."

"मी त्याला आत जाताना पाहिलंय."

"मॅडम, तुमचा नवरा रागावून खाली गेला असेल. काल रात्री तुमची भांडणं ऐकलीत आम्ही." त्यानं माझा दंड सोडला नव्हता. मी एवढीशी, पन्नास किलोची. मी त्याच्या मनगटाला चावले. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं कोणाला चावले असेन.

आमची ही झटापट चालू असताना एडिथनं भिंतीला कान लावला होता. ती शांतपणे म्हणाली, "रॉय, आत कोणीतरी आहे."

रॉयनं मातीवर बोट टेकवलं. बोट पेरभर आत गेलं. ते बाहेर काढून तो बोटाकडे बघत राहिला. मग त्यानं सॅकमधून छोटं फावडं काढलं, आणि आम्ही तिघांनी मिळून ती भिंत फोडली.

अशोक समोरच्या भिंतीला टेकून बसला होता. उजेड आला तसे त्यानं डोळे मिटून घेतले. आतून लघवीचा वास येत होता. त्याला बाहेर ओढलं आणि मी डॉक्टर म्हणून हात लावला, बायको म्हणून नाही. नाडी एकशे तीस, दोऱ्यासारखी बारीक. जीभ कोरडी ठाक. हातावरची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहिली. ओठ फुटलेले, नखं तुटून रक्त सुकलेलं. आणि गालांवर तीन दिवसांची दाढी.

मी त्याला घोट घोट पाणी पाजलं. तो पहिलं वाक्य बोलला ते — "किती वेळ लावलास."

परत खाली उतरताना रॉय आणि मी त्याला दोन्हीकडून धरून चाललो. संध्याकाळी गाडीपाशी पोचलो आणि तिथून जवळच्या गावातलं छोटं हॉस्पिटल. तिथल्या तरुण डॉक्टरनं रक्ताचे रिपोर्ट पाहिले आणि माझ्याकडे पाहिलं. मलाही ते आकडे कळत होते. सोडियम वर गेलेलं, किडनीवर ताण.

"यांना कमीत कमी तीन दिवस पाणी मिळालेलं नाही," तो म्हणाला. "बरोबर कोण होतं?"

"मी."

त्यानं मला बाहेर थांबायला सांगितलं. अर्ध्या तासानं शेरीफचा माणूस आला. माझे हात कोपरापर्यंत मातीनं माखलेले होते, तो पूर्ण वेळ त्या हातांकडेच बघत होता. रॉयनं आणि एडिथनं वेगवेगळं सांगितलं की त्याच सकाळी सात वाजता या माणसानं आमच्यासमोर पॅनकेक खाल्ले आणि दाढी केली. शेरीफच्या माणसानं वही मिटली. "वर काय केलंत मला माहीत नाही, आणि मला ते लिहायचंही नाही. हा माणूस बरा झाला की टेक्ससला परत जा."

एडिथ निघताना माझ्यापाशी आली. "तीस वर्षं शाळेत शिकवलंय. खोटं बोलणारं माणूस मला कळतं. तू खोटं बोलत नाहीयेस," ती म्हणाली. "पण तुझ्याबरोबर एका गाडीत मी बसणार नाही." आणि ती रॉयच्या गाडीत जाऊन बसली.

अशोकनं मला सगळं सांगितलं ते दोन दिवसांनी, हॉस्पिटलच्या पलंगावर. आत गेल्यावर तो जरा डोळे मिटून बसला, आणि उघडले तर अंधार. भिंतीत एक बोटभर फट राहिली होती. त्यातून उजेड यायचा, जायचा. तीन वेळा अंधार पडला, तीन वेळा उजाडलं.

"त्या फटीतून तू दिसायचीस," तो म्हणाला. "दगडावर बसलेली. संत्रं सोलत होतीस. मी ओरडत होतो, हाका मारत होतो. दुसऱ्या दिवशीही तू तिथेच. तिसऱ्या दिवशीही. एकदा तर मान वळवून माझ्याकडे बघितलंस, आणि परत सोलायला लागलीस."

"अशोक, मी दहा मिनिटं बसले होते रे."

"माहितीये. मला बुद्धीनं कळतंय ते," तो म्हणाला, आणि कुशीवर वळला.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर तो माझ्या हातून पाण्याचा ग्लास घ्यायचा नाही. टेबलावर ठेवला की मग उचलायचा. पुण्याचा विषय त्यानं परत काढला नाही. भांडणंही बंद झाली, पण ती शांतता भांडणापेक्षा वाईट होती. त्या काळात मी एकदा रॉयला फोन केला. त्याला काही माहीत असेल तर विचारावं म्हणून. तो म्हणाला, "मी वर जाऊन आलो. ती भिंत जशी होती तशी आहे. आख्खी. कोरडी. मी आता तिकडे कोणाला नेत नाही. तुम्ही मला पुन्हा फोन करू नका."

मी इतक्या वर्षांत सगळं तपासून पाहिलं. अपस्मार, विषारी वायू, आम्हा सगळ्यांना एकदम झालेला भास. पण भासानं दाढी वाढत नाही. आणि रक्तातलं सोडियम कोणाच्या सांगण्यावरून वाढत नाही.

आता आम्ही ह्यूस्टनजवळच शुगर लँडला असतो. मुलगी मीनल सिअॅटलकडे, बॉथेलला. गेल्या वर्षी अशोकची बायपास झाली. घरी आल्यावर एका दुपारी मी त्याच्या उशाशी बसले होते, तेव्हा तो सहज बोलावं तसं बोलला.

"एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. डोळे उघडले तेव्हा लगेच अंधार नव्हता. भिंत घालताना मी हात पाहिले होते. शेवटचा दगड बसायच्या आधी."

"कोणाचे?"

"तुझे."

मी त्याची चादर सारखी केली. मग विचारलं, "तरी इतकी वर्षं माझ्याबरोबर राहिलास?"

"पहिली दोन वर्षं रोज निघायचा विचार करायचो," तो म्हणाला. "मग मीनल झाली." माझ्या हातांकडे बघत म्हणाला, "आणि भिंत फोडतानाही तुझेच हात दिसले ना."

मी त्याला पुन्हा सांगितलं की मी त्या दगडावरून उठलेच नव्हते. तो "हो" म्हणाला. त्याला ते पटलंय की नाही, मला माहीत नाही. इतकी वर्षं मी ठाम होते की त्या दहा मिनिटांतला क्षण न् क्षण मला आठवतो. त्या दुपारनंतर मी ते पुन्हा पुन्हा आठवून बघतेय, आणि आता मला तशी खात्री देता येत नाही.