परळमधलं ब्राझील

किस्से काही कुणी जमवत नाही. चाळीत ते आपोआप साठतात, माळ्यावरच्या सामानासारखे. एक काढायला जावं तर चार अंगावर येतात. आमच्या परळच्या चाळीत फुटबॉलचे किस्से जास्त, कारण आमच्याकडे भाई परब होते. भाई म्हणजे गिरणीतले साचेवाले, कापड विणायचे साचे चालवणारे, मूळचे मालवणकडचे, आणि जन्मजात ब्राझीलवाले. ब्राझील नकाशावर कुठे आहे ते त्यांनी मला कधी विचारलं नाही. मी दादरच्या शाळेत भूगोल शिकवायचो, म्हणून विचारायचे ते बाकीच्या देशांचं. ब्राझील त्यांच्या लेखी परळच्या आसपासच होतं.

ब्याऐंशी साली स्पेनचा वर्ल्ड कप आला तेव्हा गिरण्यांचा संप सुरू होऊन काही महिने झाले होते. पुरुष मंडळी दिवसभर घरी. वाचनालयातला पेपर शेवटच्या पानापासून वाचला जायचा.

त्या वेळी कुवेतची टीम पहिल्यांदाच आली होती. पेपरात त्यांचा फोटो आला. भाई तो घरी घेऊन आले, कारण त्यांच्या आईचा भाचा सदा कुवेतला नोकरीला होता. आये फोटो डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघत राहिल्या.

"ह्यात आमचो सदो खंय दिसना नाय तो?"

"आये, सदो थंय एसी दुरुस्त करता. फुटबॉल खेळणा नाय."

"मगे बघूक तरी गेलो असतलो. मागच्या गर्दीत नीट बघ."

भाईंनी फोटो परत घेतला, खिडकीजवळ गेले आणि खरंच मागची गर्दी बघायला लागले.

*

चाळीत टीव्ही एकच, तोही ब्लॅक अँड व्हाइट. तो कुंदाताईंचा. कुंदाताई हॉस्पिटलात सिस्टर. संपाच्या दिवसांत आमच्या मजल्यावर नेमाने कामाला जाणाऱ्या माणसांत त्या आणि मी. त्यांना फुटबॉलमध्ये काडीचा रस नव्हता. तो वाटायला लागला एका वाक्यामुळे.

भाई सांगत होते, "कुंदाताई, आपला कॅप्टन डॉक्टर आहे."

'आपला' म्हणजे ब्राझीलचा, हे कळायला ताईंना थोडा वेळ लागला. "खराखुरा डॉक्टर? पेशंट तपासणारा?"

"खराखुरा. शिकलेला."

"आणि मैदानात काय करतो?"

"पास देतो. त्याच्यासारखा पास जगात कोण देत नाय. टाचेने देतो, न बघता."

ताई विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "डॉक्टर असून स्वतःजवळ काही ठेवत नाही, दुसऱ्याला पुढे करतो? आमच्या वॉर्डात आणा हो त्याला. सगळ्या सिस्टर ओळीने पाया पडतील."

त्या दिवसापासून त्याही ब्राझीलच्या.

*

ते ब्राझील इटलीकडून हरलं. आम्हाला कळलं दुसऱ्या दिवशी, पेपरात. बरोबरी झाली असती तरी ब्राझील पुढे जाणार होतं. सामना बरोबरीत आलाही होता. तरी हे लोक गोल करायला पुढेच जात राहिले आणि इटलीने तिसरा घातला.

वाचनालयात भाईंशेजारी विश्राम सावंत बसला होता. भाईंच्याच खात्यातला, त्यांच्या बाजूच्या साच्यांवर उभा राहणारा. घरात तीन मुली, बायको आजारी. तो म्हणाला, "बरोबरी पुरली असती रे भाई. जरा मागे राहून खेळायचं. मिळालं तेवढं पदरात घ्यायचं."

"मग ते ब्राझील कसलं?" भाई म्हणाले.

"निदान घरी तरी गेले नसते."

दोघं फुटबॉलविषयी बोलत नव्हते, हे तिथे बसलेल्या सगळ्यांना कळत होतं. पेपराचं पानसुद्धा कुणी उलटलं नाही.

पुढच्या आठवड्यात विश्राम गिरणीत कामाला गेला. संप मोडून आत गेलेल्या माणसाला तेव्हा काय काय ऐकावं लागायचं ते परळ-लालबागच्या माणसांना सांगायला नको. नाक्यावर कुणीतरी त्याला शिवी घातली आणि पुष्टीसाठी भाईंकडे बघितलं. सगळ्यांना वाटलं, आता भाई बोलणार.

भाई म्हणाले, "शिव्या नको. तो इटलीकडून खेळला. इटली काय वाईट टीम नाय."

*

तीच इटली पुढे वर्ल्ड कप जिंकली. शेवटचे काही सामने टीव्हीवर दाखवले, ते आम्ही कुंदाताईंच्या खोलीत पाहिले. इटलीचा कॅप्टन गोलकीपर होता आणि चाळिशीचा होता. चाळीस वर्षांचा माणूस आडवा होऊन बॉल अडवतोय आणि पोरांसारखा उठून उभा राहतोय, हे बघून ब्राझीलचं दुःख विसरून भाईंनी टाळ्या वाजवल्या. भाईंचंही वय तेवढंच होतं.

संप रेंगाळला, गिरणी परत काही धड सुरू झाली नाही, आणि भाई नोकरी शोधायला लागले. एका कारखान्यात गेले. तिथल्या साहेबाने अर्ज बघून सांगितलं, "चाळीस? वय जास्त आहे हो."

भाई संध्याकाळी आम्हाला सांगत होते. "मी बोललो, साहेब, इटलीने वर्ल्ड कप जिंकला. त्यांचा कॅप्टन चाळीसचा आहे. गोलकीपर. उड्या मारतो."

"मग साहेब काय म्हणाला?"

"साहेबाला फुटबॉल कळत होता," भाई म्हणाले. "बोलला, मग इटलीत अर्ज करा."

*

आता मधलं सोडून एकदम नव्वद साली इटलीत भरलेल्या वर्ल्ड कपवर येतो, कारण हा किस्सा हिराबाईंचा आहे. हिराबाई वरळी कोळीवाड्याच्या, दादरच्या बाजारात मासळी विकायच्या. कुंदाताई त्यांचं कायमचं गिऱ्हाईक. पुढे एवढा घरोबा झाला की कोळीवाड्यात त्यांनी रंगीत टीव्ही घेतल्यावर आमची सगळी पलटण तिकडे. पावसाळा असल्यामुळे होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, आणि त्यांचे यजमान मोतीराम घरीच.

पहिलाच सामना अर्जेंटिना आणि कॅमेरूनचा. मी सहज सांगितलं की पोर्तुगीज दर्यावर्दी तिथल्या नदीत शिरले तेव्हा नदी कोळंबीने भरलेली दिसली. म्हणून त्यांनी तिला कोळंबीची नदी म्हटलं, आणि त्यावरूनच देशाचं नाव कॅमेरून पडलं.

हिराबाई पदराला हात पुसत पुढे आल्या. "म्हंजे कोलंबीचा देस?"

"हो."

"मंग आमचाच हाय तो," त्या म्हणाल्या आणि टीव्हीसमोर बसल्या.

कॅमेरूनच्या दोन खेळाडूंना रेफ्रीने बाहेर काढलं. शेवटी नऊच उरले, तरी त्यांनी जगज्जेत्या अर्जेंटिनाला हरवलं. मोतीराम थक्क होऊन बघत होते. होडीवर दोन माणसं कमी पडली तर जाळं ओढताना काय होतं ते त्यांना माहीत होतं. "माणसं कमी आन् बळ जास्ती," एवढंच ते म्हणाले. पुढच्या एका सामन्यात कॅमेरूनचा एक वयस्कर खेळाडू गोल करून कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ कंबर हलवून नाचला, तेव्हा हिराबाईंनी सांगून टाकलं की हा नाच कोळीवाड्यातलाच आहे, तिकडे कसा गेला त्याचा शोध मास्तरांनी लावावा.

मग कॅमेरून इंग्लंडकडून हरलं. शेवटपर्यंत लढून हरलं. दुसऱ्या दिवशी कुंदाताई दादरच्या बाजारात गेल्या. हिराबाईंच्या पाटीत पावसाळ्यातली खाडीची मासळी होती, बोय होती, निवट्या होत्या, चिंबोऱ्या होत्या. कोळंबी मात्र दिसेना. शेजारणीकडे होती, आजूबाजूला सगळीकडे होती.

"हिराबाई, आज कोळंबी नाही?"

हिराबाईंनी पाटीवर पाणी शिंपडलं. "आज नाय इकायची, ताई. घरात सुतक हाय."

*

शेवटचा किस्सा शहाऐंशीच्या, मेक्सिकोच्या वर्ल्ड कपचा. तो आधी सांगायला हवा होता, पण तो सांगितला की मला दुसरं काही सांगावंसं वाटत नाही.

तेव्हा भाईंना फोर्टमधल्या एका ऑफिसात नोकरी लागली होती. पट्टेवाल्याची. खाकी कपडे, छातीवर पितळी बिल्ला. टेबलाटेबलावर फायली न्यायच्या, चहा सांगायचा, घंटी वाजली की उठायचं. साच्यांवर राज्य केलेला माणूस. चाळीत त्यांनी फक्त "ऑफिसात लागलो" एवढंच सांगितलं. रोज सकाळी पांढरा शर्ट घालून निघायचे आणि खाकी कपडे कापडी पिशवीत घडी करून न्यायचे, तिकडे जाऊन बदलायचे. आयेंनाही माहीत नव्हतं. आम्हाला माहीत होतं, पण चाळीत त्यावर कधी कुणी शब्द काढला नाही.

त्या वर्षी ब्राझील फ्रान्सकडून पेनल्टीवर हरलं. भाई दोन दिवस जेवले नाहीत नीट. मग आये कुंदाताईंच्या टीव्हीसमोर बसायला लागल्या; ताई रात्रपाळीला गेल्या तरी खोलीची किल्ली आमच्याकडे ठेवून जायच्या. त्यांना दिसायचं कमी, ऐकू त्याहून कमी यायचं. पण अर्जेंटिनाच्या शर्टावरचे उभे पट्टे ब्लॅक अँड व्हाइटमध्येही ठळक दिसायचे. दहा नंबरचा तो बुटका बॉल घेऊन निघाला, समोरचे एकेक मागे पडत गेले, की आये हात जोडायच्या. अर्जेंटिना हे नाव त्यांच्या तोंडात बसेना. त्या म्हणायच्या, "ते पट्टेवाले बरे. कोणाक भियत नाय."

हे ऐकलं की भाई मान खाली घालायचे.

फायनलला जर्मनीने दोन गोल फेडले तोवर आयेंना झोप लागली होती. सकाळी आम्ही सगळे गॅलरीत दात घासत होतो. आये दारात आल्या आणि ऐकू कमी येणारी माणसं बोलतात तशा मोठ्याने भाईंना म्हणाल्या, "बाबू, कोण जिंकलो रे?"

भाईंनी चूळ भरली. सगळ्या मजल्याकडे एकदा बघितलं.

"पट्टेवाले, आये," ते म्हणाले, तेवढ्याच मोठ्याने. "पट्टेवाले जिंकले."

भाई आत गेले. थोड्या वेळाने दार उघडलं तेव्हा अंगात कडक इस्त्रीची खाकी होती आणि बिल्ला पुसून लख्ख केलेला होता. हातात पिशवी नव्हती. आयेंनी जवळ जाऊन बिल्ल्यावरून बोट फिरवलं आणि त्यांची कॉलर सारखी केली.

मी शाळेला निघालो होतो, त्यांच्या मागोमाग जिना उतरायला लागलो. खालून कुंदाताई रात्रपाळी करून वर येत होत्या, पांढऱ्या युनिफॉर्ममध्येच. भाईंना बघून त्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. वरून खालपर्यंत बघितलं.

"काय भाई," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही तर ब्राझीलवाले ना?"

"ब्राझील घरी, ताई," भाई म्हणाले. "ड्युटीवर आपण अर्जेंटिना."