बाबलच्या फाईलमधली माझी सही

"खाली बसून दाखवा."

मेडिकल बोर्डाच्या खोलीत तरुण डॉक्टरसाहेब म्हणाले. मी म्हटलं, गुडघे वाकत नाहीत. "प्रयत्न तरी करा." टेबलाची कड धरून अर्धा वाकलो. कमरेत कळ आली. तसाच अडकलो. वर येता येईना, खाली बसता येईना. साहेब माझी जुनी फाईल चाळत होते. हसले.

"काका, त्या दिवशी किती घेतली होती?"

शेजारचा कारकूनही हसला. मी आयुष्यात दारूला शिवलो नाही. पण फाईलमध्ये तसंच लिहिलं होतं, आणि साक्षीदार म्हणून माझ्याबरोबरच्या बाबलची सही होती. बाबलच्या फाईलमध्ये तेच वाक्य. त्याखाली माझी सही.

खरं काय झालं ते आज लिहितो.

मी आणि बाबल, दोघं फौजेत शिपाई. आमच्या तुकडीच्या साहेबांची बदली झाली होती, त्यांचं शिसवी कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवायचं होतं. युद्ध नाही, सराव नाही. कपाट. दोर सुटला. मी खालच्या बाजूला होतो. पाठ गेली, गुडघे गेले. कपाट आवरायला धावलेला बाबल जिन्यावरून कोसळला, त्याचा खुबा मोडला.

दुसऱ्या दिवशी साहेब इस्पितळात आले, कागद तयार करूनच. त्यात लिहिलं होतं: सुट्टीच्या वेळी दोघं बाजारात नशेत पडले. "शिक्षा होणार नाही, माझा शब्द आहे. एकमेकांचे साक्षीदार व्हा." मी लगेच सही केली. बाबल करेना. मीच त्याला म्हटलं, "कर रे, नोकरी तरी राहील." त्यानं माझ्याकडे बघितलं आणि केली.

पुढे दोघांचीही फौज सुटली, तेव्हा साहेबांच्याच चिठ्ठीवर मला घाटकोपरच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकाऱ्याची नोकरी लागली. बाबलचा अपंगत्व पेन्शनचा दावा फेटाळला गेला. खरं सांग म्हणायला तो काठी टेकत गेटवर आला. मी वरून खिडकीतून पाहिलं. वॉचमनला सांगितलं, साहेब नाहीत म्हण. तो तासभर उन्हात उभा होता. मीही कुणाचा तरी साहेब झालो होतो.

वर्षं गेली. मी गोळ्या खाऊन पाठ सांभाळली. आता संडासापर्यंतही भिंत धरून जातो, म्हणून मीही पेन्शनचा दावा केला. बोर्डानंतर पत्र आलं. साक्षीदाराच्या जबाबानुसार दुखापत सेवेशी संबंधित नाही. दावा नामंजूर.

अपील करायचं तर बाबलचा खरा जबाब हवा. भांडुपच्या टेकडीवर त्याची खोली. प्रत्येक पायरीवर थांबत चढलो. तो खाटेवर पडून होता. उठला नाही.

"आता इलंस? माझ्या टायमाक खंय होतंस?"

गेटवरच्या दिवसाचं सांगितलं. मी आतच होतो म्हणालो.

"माका म्हायत होता," तो म्हणाला. "खिडकीत दिसलंस तू माका."

त्याच्या बायकोनं पाणी आणून ठेवलं. मग तोच म्हणाला, "लिव. पण माझ्यार दया नको. बाबल दारू पिवक नाय, इतक्याच लिव."

माझ्या वकिलांना सांगितलं, अर्जात आधी बाबलबद्दलचं खरं लिहायचं, तर ते वैतागले. "काका, खोटी साक्ष दिली असं स्वतःच लिहिलंत तर तुमच्यावर विश्वास कोण ठेवणार? त्याचं सोडा. तुमच्या गुडघ्यांपुरतं बोला."

त्याचं सोडा. इतकी वर्षं मी तेच करत आलो.

अपील जाणार आहे. बहुतेक हरणार आहे, वकीलही तसंच म्हणतात. साहेब आता हयात नाहीत, आम्हा दोघांशिवाय साक्षीदार नाही, माझी पाठ बरी होणार नाही. पण माझ्या अर्जातलं पहिलं वाक्य बाबलचं आहे: तो दारू प्यायला नव्हता, मी खोटी सही केली. वकील ते खोडा म्हणतात. मी खोडणार नाही.